राहिलेला हात

शिडी मला दिसली नाही. शिडी खांद्यावर घेऊन चाललेला रंगारी तर नाहीच नाही. कोपऱ्यावर गाडी वळवली, सूर्य समोरून काचेवर आदळला आणि रस्ता, दुकानं, माणसं सगळी एकदम पुसली गेली. उरली ती वर्तुळं. एकात एक अडकलेली, पांढुरकी, कडेला जांभळी-हिरवी झाक असलेली वर्तुळं, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. बॉनेटला काहीतरी टक् झालं, कोणी दारावर टिचकी मारावी इतकं हलकं. बाजूच्या खिडकीतून मान बाहेर काढली तेव्हा बॉनेटला टेकलेलं शिडीचं टोक दिसलं आणि वीतभर अंतरावर रंगाऱ्याचा गुडघा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. त्यानं शिडी शांतपणे खाली ठेवली, काचेजवळ आला आणि वाकून, एखाद्या घरात डोकवावं तसं आत पाहिलं.

"यातून दिसतं तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. खोटं सुचायला वेळच मिळाला नाही.

त्यानं काचेवरून एक बोट ओढलं, अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं. "तेल आहे साहेब हे. काचेला तेल कोण लावतं?" मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्ला सुरू केला म्हणून उत्तर द्यायची वेळ आली नाही. शिडी पुन्हा खांद्यावर घेता घेता तो म्हणाला, "आमच्या धंद्यात माणूस शिडीवरून पडून मरतो. शिडी खांद्यावर असताना मेला तर लोक हसतील." आणि गेला. मी पुढचा सगळा रस्ता मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. मला त्या माणसाची भीती वाटली नव्हती, अपघाताचीही वाटली नव्हती. मला नुसता राग येत होता, आणि हा राग कोणावर काढायचा ते कळत नसल्यामुळे तो आतल्या आत आंबत चालला होता.

काचेला तेल माझे सासरे लावतात. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत दुखणं काचेचं आहे आणि वैद्य सासरे आहेत. आमच्या इमारतीत जेवढ्या गाड्या उभ्या असतात त्यातली सगळ्यात जास्त पुसली जाणारी काच माझी आहे. शेजारचा माणूस महिन्यातून एकदा बादलीभर पाणी ओततो आणि त्याला लख्ख दिसतं. माझी काच रोज सकाळी पुसली जाते, प्रेमानं, मन लावून, आणि म्हणूनच मला दिसत नाही. अप्पांनी आयुष्यभर फर्निचरला पॉलिश केलं. कपाटं, टेबलं, पियानोसुद्धा. त्या धंद्यात प्रत्येक थराला हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, असे कितीतरी. कापसाचा बोळा सुती फडक्यात गुंडाळायचा, तो लाखेत बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचा. बोळा चिकटू नये म्हणून त्याच्या टोकाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. आता लाकूड राहिलं नाही, पण बोळा राहिला, तेल राहिलं आणि गोल गोल फिरणारा हात राहिला. ओल्या फडक्यानं माझी काच पुसून झाली, कोरड्यानं टिपून झाली, की अप्पा दोन पावलं मागे जातात, डोकं तिरपं करून बघतात आणि खिशातून तेलाची चिमुकली बाटली काढतात. शेवटी तेलाचा हात. वायपरच्या रबरालाही तेल, कारण ते कुईं करतं. "तहानलंय बिचारं," असं मला एकदा म्हणाले होते. त्यानंतर रबर फुगलं, वेडंवाकडं झालं आणि काचेवरून जाताना पुसण्याऐवजी सारवायला लागलं.

मी टाइल्सच्या कारखान्यात तपासनीस आहे. भट्टीतून निघालेल्या टाइल्स पट्ट्यावरून माझ्यासमोरून जातात आणि माझ्या डाव्या हाताला, टाइलच्या पातळीच्या जरासा वर, एक दिवा लावलेला असतो. वरून पाहिलं तर सगळ्या टाइल्स निर्दोष असतात. आडव्या उजेडात मात्र खरं काय ते कळतं. चमक कुठे उडाली, कुठे फोड आला, कुठे कोणाचं बोट लागलं, सगळं त्या उजेडात वर येतं. मी हातातल्या मेणखडूनं एक रेघ मारतो आणि म्हणतो, "बाद." पलीकडचा माणूस टाइल उचलून बाजूला टाकतो. टाइल रुसत नाही, तिला वाईट वाटत नाही, तिच्या मुलीशी माझं लग्न झालेलं नसतं. दिवसभर मी बाद म्हणतो आणि मला पगार मिळतो. रंगाऱ्याच्या त्या सकाळी मी पट्ट्यासमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्या टाइलवरही मला वर्तुळं दिसली. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. टाइल चांगली होती. मी तिच्यावर रेघ मारून चुकलो होतो. पलीकडच्यानं माझ्याकडे चमकून पाहिलं, कारण मी चुकत नाही. खडू खाली ठेवून मी तसाच उभा राहिलो आणि डोक्यात रंगाऱ्याचं बोट काचेवरून पुन्हा पुन्हा ओढलं जात राहिलं. आडवा उजेड मला पगार देतो आणि आडवा उजेडच मला रस्त्यात आंधळा करतो. आमचं घर पश्चिमेला, कारखाना पूर्वेला. सकाळी सूर्य डोळ्यांत घेऊन जायचं आणि संध्याकाळी सूर्य डोळ्यांत घेऊन यायचं. घर घेताना आम्ही पाण्याचा दाब पाहिला, शेजार पाहिला, भिंतीला ओल आहे का ते पाहिलं. सूर्य कोण बघतो?

उपाय मी कमी केले नाहीत. ओला वर्तमानपत्राचा कागद चोळून पाहिला, व्हिनेगर झालं, भांड्यांची पावडर झाली, दुकानदारानं शपथेवर दिलेली निळी बाटली झाली. जवसाचं तेल वाळलं की काचेला कातडीसारखं धरून बसतं. पाण्यानं ते नुसतं सरकतं, जागा बदलतं. वायपर दोनदा नवे घातले. दुसऱ्या वेळी गॅरेजवाल्यानं जुनं रबर दोन बोटांत धरून दाबलं आणि लहान मुलाच्या तक्रारीबद्दल आईला विचारावं तशा आवाजात मला विचारलं, "याला तेल कोण पाजतंय?" मी म्हणालो, घरातलं एक मोठं माणूस आहे. तो समजल्यासारखा हसला. त्याच्या घरीही असावं. मग त्यानं कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, फडक्याच्या टोकाला नावापुरतं घेतलं आणि काचेवर वरून खाली एक सरळ पट्टा मारला. त्या पट्ट्यातून मला रस्त्यापलीकडच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसली. कितीतरी दिवसांनी पानं वेगवेगळी दिसत होती. मी वेड्यासारखा त्या पट्ट्यातून बघत राहिलो. "एवढंच आहे साहेब," तो म्हणाला. "स्पिरिट घरात ठेवा, आठवड्यातून एकदा काच, एकदा रबर. दुसरं काही लागत नाही."

घरात ठेवा. त्याला काय माहीत? आमच्या घरात स्पिरिट येत नाही. पॉलिशची लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, आणि अप्पांनी ते स्पिरिट लाखेत जितकं घातलं तितकंच पोटात घातलं. त्या धंद्यात पुष्कळांचं तसंच झालं. बायको त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. एकदाच, आमचं लग्न ठरलं तेव्हा, मला फसवल्यासारखं होऊ नये म्हणून तिनं सगळं एका दमात सांगितलं होतं. शाळेत असताना ती बाटलीतल्या स्पिरिटच्या पातळीला बाहेरून दोरा बांधून ठेवायची, म्हणजे रात्रीत किती कमी झालं ते सकाळी कळावं. एक दिवस सकाळी पातळी बरोबर दोऱ्याशी होती. ती इतकी खूश झाली की शाळेत जाताना रस्ताभर पळत गेली. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की दोरा खाली सरकवलेला आहे. हे सांगताना ती रडली नव्हती. मला म्हणाली होती, "तेव्हापासून मी कशालाच दोरा बांधत नाही." पुढे तिची आई गेली आणि अप्पांनी एका दिवसात सगळं सोडलं, धंद्यासकट. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावते, आणि घरी येण्याआधी अजूनही कोपरापर्यंत साबण लावून हात धुते. एकदा घाईत विसरली होती. अप्पांना चहा दिला. अप्पांनी कप घेतला आणि तिचा हात मागे गेल्यावर एक क्षण डोळे मिटले. तिनं ते पाहिलं, मी पाहिलं. त्यानंतर ती घरी येऊनही पुन्हा हात धुते.

आधी अप्पा मुलाकडे, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे राहायचे. तिथून ते एका बाटलीवरून निघाले. मेहुण्याची दाढीनंतर लावायची लोशनची बाटली अर्धी झाली होती. सांडली होती, का कोणी वापरली होती, का आणखी काही, ते कोणाला ठाऊक नाही. मेहुणा म्हणतो, मी एक अक्षर बोललो नाही. खरं असेल. अप्पा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आमच्या दारात उभे होते. आमच्याकडे आल्यावर कितीतरी दिवस त्यांनी पिशवी उघडलीच नाही. ती पलंगाखाली तशीच, तोंड बांधलेली. रोज त्यातून एक शर्ट काढायचे आणि पुन्हा गाठ मारायचे. खुर्चीच्या कडेवर बसायचे. वाढल्याशिवाय जेवायचे नाहीत, विचारल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. बायको रात्री कूस बदलत राहायची. मग एक दिवस सकाळी उठून पाहतो तर अप्पा खाली माझी गाडी पुसत होते. मी धावत गेलो, अहो कशाला, असं काहीतरी म्हणालो. "मोकळं बसून हात गंजतात, जावईबापू," ते म्हणाले. त्या संध्याकाळी पलंगाखाली पिशवी नव्हती. शर्ट कपाटात, एकावर एक, घडी करून ठेवलेले होते. बायकोनं मला कपाट उघडून दाखवलं. लग्नाचे दागिने दाखवावेत तसं. तेव्हा ही काच पुसणं म्हणजे काय आहे ते मला कोणी समजावून सांगायला नको. काच बाद म्हटली की पिशवी पलंगाखाली आलीच.

म्हणून मी चोरवाट काढली. स्पिरिटची बाटली विकत घेतली आणि कारखान्यातल्या माझ्या लॉकरमध्ये ठेवली. संध्याकाळी निघण्याआधी आवारात उभं राहून काच स्पिरिटनं पुसतो, रबर पुसतो, मग कारखान्याच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतो आणि घरी येतो. बायकोलाही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? ज्या वस्तूचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलतो ती वस्तू मी रोज हाताळतो म्हणून? तेव्हा आमच्या घरात रोज संध्याकाळी दोन माणसं हात धुऊन येतात आणि दोघंही एकमेकांना चोर वाटू नयेत म्हणून घरी आल्यावर पुन्हा धुतात. संध्याकाळ त्यामुळे माझी झाली. सूर्य समोर असतो आणि मला सगळं दिसतं. पण सकाळ अप्पांची. रोज सकाळी ती स्वच्छ काच पुन्हा पुसली जाते. आधी उठून मीच पुसून टाकावी असाही प्रयत्न करून पाहिला. एक दिवस अर्धा तास लवकर उठलो. अप्पा खाली आले, काच पुसलेली पाहिली, बादली घेऊन वर गेले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याही आधी खाली होते. तिसऱ्या दिवशी मी आणखी लवकर, चौथ्या दिवशी ते आणखी लवकर. असं करता करता अशी वेळ आली की पेपरवाला आम्हा दोघांना जिन्यात भेटला आणि घाबरून विचारता झाला, "कोणी गेलं का हो?" त्यानंतर मी नाद सोडला. म्हाताऱ्या माणसाशी झोपेच्या बाबतीत स्पर्धा करू नये.

आणि तक्रार कोणाकडे करणार? रोज मरे त्याला कोण रडे. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, नशीबवान आहेस, माझे सासरे मला गाडी पुसायला लावतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला अप्पांचा राग येतो, आणि राग आला की स्वतःची लाज वाटते, आणि लाज वाटली की तिच्यापायी पुन्हा त्यांचाच राग येतो. हेही गोल गोलच. कधी कधी वाटतं, मेहुणा किती सुखी आहे. त्याच्या गाडीची काच घाणेरडी असते आणि मन स्वच्छ.

त्या संध्याकाळी मी काच पुसली, हात धुतले, घरी आलो. अप्पा खाली बाकावर शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर बसले होते. वर बायको सिंकपाशी उभी होती, मनगटांवर साबणाचा फेस. मी पाठीमागून म्हणालो, "आज एक माणूस माझ्या गाडीखाली आला असता."

तिनं नळ बंद केला. "लागलं का त्याला?"

"नाही. वीतभर राहिलं. समोरून ऊन आलं आणि काही म्हणजे काही दिसलं नाही. मी आता अप्पांशी बोलणार."

"काय बोलणार?"

"हेच, की काच पुसू नका."

"आणि मग सकाळी त्यांनी काय करायचं?"

"पेपर वाचावा. फिरायला जावं. इतकी माणसं जगतात ना काच न पुसता."

ती टॉवेलला हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत राहिली. "बोल तू," शेवटी म्हणाली. "तुझी गाडी आहे, तुझा जीव आहे, त्या माणसाचा जीव आहे, मला कळत नाही असं नाही. पण त्यांना पिशवी घेऊन स्टेशनवर सोडायला तूच जा. मला नाही जमणार."

"मग नुसतं तेल नका लावू एवढं सांगतो."

"मी सांगून पाहिलंय. बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी थोडं कमी लावलं. तेलाशिवाय हात फिरत नाही म्हणतात त्यांचा."

"मग एकच उपाय राहतो," मी म्हणालो आणि थांबलो. मला खरंच सांगायचं होतं. बाटली आहे, लॉकरमध्ये आहे, रोज थोडी वापरतो, आकाश कोसळलेलं नाही. पण तिला तो उपाय आधीच कळला होता. तिचा आवाज एकदम खाली गेला, भिंतीलाही ऐकू जाऊ नये इतका. "ते नाव घरात काढू नकोस. माझ्यावर उपकार कर." मी म्हणालो, इतकी वर्षं झाली, माणूस बदलतो की नाही? ती म्हणाली, "बदलला असेल. मला बघायचं नाहीये तपासून." मला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं की तू बाहेर दहा अनोळखी माणसांच्या दंडावर विश्वास ठेवून सुई टोचतेस आणि बापावर तुझा थेंबभर विश्वास नाही. ओरडलो नाही. कारण माझा तरी कुठे होता? असता तर बाटली लॉकरमध्ये कुलूप लावून कशाला ठेवली असती?

सकाळी मी ठरवून खाली गेलो. जिना उतरताना वाक्यं जुळवत होतो. अप्पा, राग मानू नका. अप्पा, तुमच्या हाताला नावं ठेवत नाही, पण. अप्पा, काचेचं शास्त्र वेगळं. एकही वाक्य माझं वाटत नव्हतं. अप्पांनी बाह्या दुमडल्या होत्या. पाण्याचं फडकं बादलीच्या कडेवर टाकलेलं होतं, काच टिपून झाली होती, आणि ते दोन पावलं मागे जाऊन डोकं तिरपं करून बघत होते. म्हणजे तेलाची वेळ आली होती. मी बरोबर वेळेवर पोचलो होतो.

"अप्पा, थोडं बोलायचं होतं."

"बोला की." हात खिशाकडे गेला.

"काल एक माणूस थोडक्यात वाचला. समोरून ऊन आलं की या काचेतून मला काही दिसत नाही."

हात खिशाशीच थांबला. "लागलं का त्याला?" लेकीनं विचारलं होतं अगदी त्याच सुरात.

"नाही."

"तेलामुळे," अप्पा म्हणाले.

जुळवून आणलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडातच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"पॉलिशवाल्याला तेल माहीत नसेल तर कोणाला असेल?" त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. पंजा थरथरत होता, जुन्या पंख्याचं पातं हलावं तसा. "कोरडा बोळा धरला की हे असं होतं. तेल घेतलं की ठरतो. लाकडावरही ठरायचा. पण लाकडावर तेल ठेवून जायचं नसतं. सगळ्यात शेवटी स्पिरिटचा हात मारायचा, अगदी नावापुरता, म्हणजे तो तेल उचलून नेतो. मग खाली जे उरतं ते पॉलिश. तो हात राहतो माझा रोज." आणि मग बादलीकडे बघत म्हणाले, "संध्याकाळी तुम्ही मारता तो. कारखान्यात."

माझा हात खिशातल्या लॉकरच्या किल्लीवर गेला. काय बोलणार?

"वास येतो, जावईबापू. सकाळपर्यंत काचेच्या रबराला धरून असतो. चांगल्यातलं आणता तुम्ही." ते हसले नाहीत, पण आवाजात हसू होतं. "तुम्ही हात धुऊन येता, ती हात धुऊन येते. या घरात साबण फार लवकर संपतो. मीच आणतो ना, म्हणून माहीत."

"मग मला सांगायचं नाही का, अप्पा?" माझा आवाज नको तितका चढला. किती महिने मी मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवली होती.

"काय सांगायचं होतं? मला स्पिरिट द्या, असं?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. अप्पांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. "आज सांगतो," ते म्हणाले. "माणूस मरता मरता वाचला म्हणता, तर सांगायलाच हवं. उद्या ती बाटली इथे आणा. माझ्या हातात देऊ नका. बूच तुम्ही उघडा, बोळ्यावर थेंबभर तुम्ही ओता, बूच तुम्ही लावा, बाटली तुमच्या पिशवीत. मी फक्त हात मारतो. इथे, उजेडात, सगळ्यांसमोर. एवढं करूनही काचेतून दिसलं नाही, तर मग म्हणा, अप्पा, पुसू नका. मी वाईट वाटून घेणार नाही." बोलताना ते माझ्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होते. हा माणूस आमच्या घरात आल्यापासून त्यानं कधी मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

"आणतो," मी म्हणालो. आणि मला ते करायचं होतं. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की हे इतकं सोपं होतं याचाच राग आला.

"काय आणतो?" मागून आवाज आला. बायको जिना उतरून आली होती, खांद्याला पर्स, हातात माझा विसरलेला डबा. तिची आज उशिराची पाळी होती, मी तिला वाटेत सोडणार होतो. सहज विचारलं तिनं. चेहऱ्यावर झोपेतून नुकतं उठल्याचा टवटवीतपणा होता.

मी तिच्याकडे पाहिलं. मग अप्पांकडे. मग पुन्हा तिच्याकडे. एवढा वेळ पुरेसा होता.

"काही नाही," मी म्हणालो.

अप्पा पटकन वाकले, बादली उचलली. "वायपर गं," ते लेकीला म्हणाले. "रबर गेलंय पार. नवं आणा म्हणत होतो."

"एवढंच ना," ती म्हणाली आणि दार उघडून आत बसली.

मी तिथेच उभा होतो. अप्पांनी खिशावरून हात फिरवला, तेलाची बाटली आहे की नाही ते चाचपून पाहिलं, पण बाहेर काढली नाही. "जा तुम्ही, उशीर होईल," म्हणाले आणि बादली घेऊन जिना चढायला लागले. कठड्याला धरून, एकेक पायरी. त्यांना हाक मारावी असं वाटलं. हाक मारून काय म्हणायचं ते सुचलं नाही आणि गाडीत ती घड्याळ बघत होती. काचेला आज तेल लागलं नव्हतं. पूर्वेच्या रस्त्याला लागलो, सूर्य अगदी समोर आला आणि मला सगळं दिसत होतं. पाट्यांवरची अक्षरं, पलीकडच्या फुटपाथवरची माणसं, त्यांच्या हातातल्या पिशव्या. मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. मी चालवत राहिलो.

ती काचेकडे बघून म्हणाली, "बघ, आज किती छान पुसलीय अप्पांनी. आणि तू म्हणे बोलणार होतास."